शशिकलाचा पूर्वपक्ष

शशिकलाला तिचं मत विचारायचं नाही, असा आमच्या स्टाफरूममध्ये नियम आहे आणि तो मीच केलाय. कारण विचारलं की ती डब्याचं झाकण लावता लावता शांतपणे म्हणते, "कुठल्या बाजूनं सांगू?" डोकं फिरतं माझं. अगं, अमेरिकेनं आपल्या मालावर कर लावलाय, आपण तेल कुणाकडून घ्यायचं ते दुसरे देश आपल्याला सांगायला निघालेत, मधल्या सुट्टीत आम्ही सगळ्या तावातावानं बोलतोय, आणि तू नववीला राज्यशास्त्र शिकवणारी, पुस्तकातला परराष्ट्र धोरणाचा धडा शिकवणारी, तुला एक साधं मत नको? तर म्हणे, कुठल्या बाजूनं!

मी गणित शिकवते. माझं नाव शांती, आणि त्यावरून जेवढे विनोद व्हायचे तेवढे होऊन गेलेत. शशिकला आणि मी एकाच वर्षी या शाळेत लागलो, दोघी पनवेलजवळ विचुंब्याला राहतो, एकाच शेअर रिक्षानं येतो-जातो. तिचा नवरा तळोज्याच्या कारखान्यात शिफ्टला, मुलगा शिकायला पुण्यात. तिच्या इमारतीची लिफ्ट बारा महिने बंद. तरी या बाईचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. माझा उतरलेला कुणी ऐकला नाही, ते जाऊ द्या.

ती मूळची आपट्याची. घरात चार बहिणी, म्हणजे भांडणांना तोटा नाही. भांडण घेऊन आईकडे गेलं की आई भाकरी थापता थापता म्हणायची, "आधी तिचं सांग. तिला काय वाटतंय ते नीट सांग, मग तुझं ऐकते." बहिणीचं म्हणणं बहिणीला पटेल असं सांगितल्याशिवाय स्वतःची तक्रार करायची सोयच नव्हती. शशिकला म्हणते, निम्मी भांडणं तिथंच संपायची. आमची आई दोघींना एकेक धपाटा घालायची, भांडण त्यानंही संपायचं.

पुढे बीएडला असताना कुणा जुन्या शिक्षकांनी तिला सांगितलं की पूर्वीच्या शास्त्र्यांच्या वादसभेत हेच चालायचं. आधी समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षाही चांगलं मांडायचं, तो पूर्वपक्ष. मग त्याचं खंडन करून आपलं मांडायचं, तो उत्तरपक्ष. झालं! आईचं शास्त्र निघालं म्हटल्यावर ही जी हरखली ती आजतागायत. शाळेची वादविवाद स्पर्धेची मुलं हिच्याकडे असतात आणि त्यांना हिचा एकच मंत्र: "समोरच्याची मान हलली पाहिजे. तोवर तुझं बोलायचं नाही." मधल्या सुट्टीत जिन्याखाली उभी राहून मुलं एकमेकांची बाजू मांडतात, आणि दुसरा "हं, असंच म्हणायचंय मला" म्हणाला की पुढे सरकतात. मला हे कधी पटलं नाही. मिळतात मोजून पाच मिनिटं, त्यातलं एक प्रतिपक्षाला फुकट? पण हिची मुलं दरवर्षी बक्षीस आणतात, त्यापुढे काय बोलणार, कपाळ!

यंदा तिला रेवा मिळाली. नववीतली, विचुंबे गावातलीच. बाप दीपेश, रेती-खडीचा धंदा. आजोबांनी शेतं विकली तेव्हा घरात कुणी दहावीपुढे गेलेलं नव्हतं. ही पोर मात्र बोलायला लागली की वर्ग गप्प. तालुक्याच्या फेरीत विषय होता, 'सीमेवर तणाव असताना शेजारी देशाशी बोलणी चालू ठेवावीत.' प्रत्येक शाळेची दोन मुलं, एक बाजूनं, एक विरोधात. कुणी कुठली बाजू घ्यायची ते अर्धा तास आधी चिठ्ठी उचलून ठरतं, म्हणून मुलं दोन्हीची तयारी करून जातात. आमच्या वरदला चिठ्ठी आली, बाजूनं. रेवाला आली, विरोधात. म्हणजे बोलणी बंद करा असं पोटतिडकीनं सांगायचं काम रेवाचं होतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे अख्ख्या पनवेलात हे लक्षात ठेवणारं कुणी निघालं नाही.

मी होते सभागृहात. रेवा उभी राहिली आणि बाईंच्या शिकवणीप्रमाणे आधी पूर्वपक्ष. "शेजारी बदलता येत नाही. लढाई झाली तरी शेवटी टेबलावरच बसावं लागतं, मग माणसं मरायच्या आधीच का बसू नये? बोलणं हा भित्रेपणा नाही. आपले जवान सीमेवर उभे आहेत, त्यांना घरी आणायचा तोच रस्ता आहे. मित्र देशांवर विसंबून राहाल, तर प्रत्येक देश आधी आपला फायदा बघतो. आपल्या शेजाऱ्याशी आपल्यालाच बोलावं लागेल." टाळ्या पडल्या. समोर बसलेल्या वरदनं मान हलवली. मग रेवानं एक श्वास घेतला आणि म्हणाली, "हे सगळं ऐकायला बरं वाटतं. आता हे का चुकतं ते ऐका." आणि अशी काही सुटली पोरगी! पुढच्या दारानं हात मिळवायचा आणि मागच्या दारानं बंदुका पाठवायच्या, असा शेजारी असेल तर ते बोलणं नसतं, तो आपला वेळ काढत असतो. त्याला बोलण्याची गरज वाटेल एवढे आधी मजबूत व्हा. परीक्षकांनी पहिलं बक्षीस दिलं. वरद दुसरा. आमची जोडी जिल्ह्याच्या अंतिम फेरीला अलिबागला जाणार हे नक्की झालं. दीपेश शेवटच्या रांगेत उभा राहून मोबाइलवर सगळं घेत होता आणि डोळे पुसत होता.

आता त्या बापाची चूक ती काय? त्यानं कौतुकानं व्हिडिओ स्टेटसला ठेवला. स्टेटसला लांब व्हिडिओचे तुकडे पडतात. पहिल्या तुकड्यात रेवा म्हणते बोला, बोला, बोला, टाळ्या पडतात, संपलं. तेवढाच तुकडा कुणीतरी उचलला, वर लिहिलं, 'आपल्या शाळांत हे शिकवतात', आणि दिला सोडून. उन्हाळ्यात सीमेवर झालेल्या तणावाला काही महिने उलटले होते, पण लोकांच्या मोबाइलमधला तणाव कुठे उतरला होता? संध्याकाळपर्यंत तो तुकडा नवीन पनवेलच्या सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरला. पोरीला देशद्रोही म्हणाले. चौदा वर्षांच्या पोरीला! तिच्या बाईंना विचारत होते, पगार कोण देतं तुम्हाला. दीपेश दुसऱ्या दिवशी शाळेत आला तेव्हा त्याचं तोंड काळवंडलं होतं. "मॅडम, मी पुरा व्हिडिओ टाकला व्हता हो. लोकांनी पयलाच तुकडा घेतला. आता सगल्यांना पुरा पाठवतोय तर कोनी उघरून बघत नाय." रेवा त्याच्या मागे उभी होती, मोठ्या माणसांची तोंडं बघत.

तक्रारीचा अर्ज दिला उदयसिंहकाकांनी. काका निवृत्त अधिकारी, सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये दर रविवारी ज्येष्ठ नागरिकांचा चर्चा मंच भरवतात, 'भारत आणि जग'. तिथं ते महिन्यातून एकदा तरी कुठल्याशा देशाशी युती करतात आणि कुठल्याशा देशाशी तोडतात. आमच्या पालक संघाचे ते सल्लागार. आणि कुणाचे आजोबा? वरदचे! ज्या वरदनं पाचातली चार मिनिटं 'बोलणी करा' म्हणून सांगितलं, त्या वरदचे. मी फोन करून त्यांना हे सुनावलंच. तर मला म्हणतात, "वरदचं वेगळं आहे हो. त्याला चिठ्ठीच तशी आली." मी म्हटलं, काका, मग रेवाला काय उलट्या बाजूचं स्वप्न पडलं होतं? तर म्हणे, "तुम्ही आवाज चढवू नका." हात टेकले मी.

शनिवारी शाळा सुटल्यावर ग्रंथालयात पालक संघाची सभा ठरली. प्रश्न एकच होता, रेवा अलिबागला जाणार की नाही. मी रिक्षातच शशिकलाला बजावलं, "हे बघ, आज तुझी ती आईची पद्धत घरी ठेव. आधी आपलं बोलायचं. पूर्ण व्हिडिओ माझ्या मोबाइलवर आहे, तो दाखवू, विषय संपेल." ती म्हणाली, "बघू." तिचं 'बघू' म्हणजे नाही, हे मला एव्हाना कळायला हवं होतं.

सभेला मुख्याध्यापिका, पालक संघाची मंडळी, उदयसिंहकाका, आणि कोपऱ्यात दीपेश व रेवा. मी मोबाइल पुढे केला तर मुख्याध्यापिका म्हणाल्या, "व्हिडिओमुळेच हे सगळं झालं, आता परत व्हिडिओ नको." म्हणजे बघा, जे बघितल्यानं प्रकरण मिटणार तेच बघायचं नाही! काका बोलायला उभे राहिले. जगात आपली प्रतिमा, आपले मित्र देश कोण, आपले खरे हितशत्रू कोण, शाळेतून काय संदेश जातो, असं बरंच बोलले. बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला, वाक्य अर्धं राहिलं आणि ते खाली बसले. तेव्हा मला ते रागावलेत असं वाटलं.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "शशिकलाबाई, तुम्हाला काय म्हणायचंय?"

शशिकला उभी राहिली. "आधी काकांचं म्हणणं मी मांडते," ती म्हणाली. "कुठे चुकलं तर काका, मला थांबवा." मी टेबलाखालून तिचा पदर ओढला. उपयोग शून्य.

"काकांचा पुतण्या सत्यजीत सैन्यात आहे," ती म्हणाली. "वाढला तो काकांच्याच घरी. उन्हाळ्यात तो सीमेवर होता आणि त्याचा फोन लागत नव्हता, हे वरदनं तेव्हा मला सांगितलं होतं. तेव्हा काकांना टीव्ही बघवत नव्हता आणि बंदही करवत नव्हता. त्या दिवसांत कुणी म्हणालं की बोलून बघू या, तर त्यांना वाटायचं, आमच्या पोराला तिथं उभं करून हे गप्पा मारायला निघालेत. आणि मग आपल्याच शाळेची मुलगी स्टेजवर तेच म्हणते, आणि त्याला टाळ्या पडतात. त्या टाळ्या काकांना लागल्या. त्यांचं म्हणणं असं आहे, की मुलांना वाद घालायला जरूर शिकवा, पण ज्याचं माणूस तिथं उभं आहे त्याच्यासाठी या प्रश्नाला दोन बाजू नसतात. चिठ्ठी उचलून ठरवावी अशी ती गोष्टच नाही. आणि शिक्षिका म्हणून मी विचार करायला हवा होता, की पुढचं ज्याच्या कानावर कधी पडणारच नाही त्याच्यावर पहिल्या मिनिटाचा काय परिणाम होईल. तो विचार मी केला नाही, असं काकांचं म्हणणं आहे."

काकांनी चष्मा काढला होता.

"बरोबर मांडलं का, काका?"

"मॅडम," काका म्हणाले, "मला इतकं नीट सांगताच आलं नसतं. एवढंच म्हणायचं होतं मला. घरात कुणापाशी बोललो नाही हो मी हे."

टेबलाभोवती सगळ्यांच्या माना हलल्या. खरं सांगते, माझीही हलली. असा पूर्वपक्ष मी जन्मात ऐकला नव्हता.

आणि मुख्याध्यापिका म्हणाल्या, "चला, मिटलं म्हणायचं मग. बाईंनी मोठ्या मनानं चूक कबूल केली."

"कबूल नाही केली," शशिकला म्हणाली. "मी फक्त त्यांची बाजू सांगितली. माझं आता सुरू होतंय. रेवानं त्या दिवशी..."

"बाई, इतकं छान झालंय, आता ताणू नका," पालक संघाचे अध्यक्ष म्हणाले. "काकांचं समाधान झालं, अजून काय हवं?"

"पण रेवाचं..."

"रेवाचंही बघू ना. लहान आहे ती. सोमवारी परिपाठाला दोन शब्द दिलगिरीचे बोलेल, विषय संपला. अलिबागचं यंदा राहू द्या. पुढच्या वर्षी एखादा साधा विषय असेल तर जाऊ."

मी उठले. मी ओरडले. म्हटलं, अहो, तुम्ही तेच करताय! त्या लोकांनी पोरीचं पहिलं मिनिट ऐकलं आणि पुढचं कापलं, तुम्ही बाईंचं पहिलं मिनिट ऐकून पुढचं कापताय! तिला बोलू तरी द्या! तर अध्यक्ष हसत म्हणाले, "शांतीबाई, शांत व्हा." सगळे हसले. तेवढ्यात चहा आला. काका उठून शशिकलाकडे गेले, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मॅडम, आमच्या रविवारच्या मंचावर एकदा बोलायला या. राष्ट्रीय सुरक्षा या विषयावर." माणूस मनापासून बोलत होता, तीच तर पंचाईत! खोटा असता तर मी चहा त्याच्या अंगावर ओतला असता.

दीपेशनं चहा घेतला नाही. जाताना मला म्हणाला, "मॅडम, आमच्या बाजूनं कोनी बोललाच नाय ना."

परतीच्या रिक्षात मी शशिकलाला फाडून खाल्लं. "काय गरज होती? तू त्यांचं वकीलपत्र घेतलंस! कोर्टात गेलीस आणि फिर्यादीचा खटला जिंकून आलीस!"

"त्यांच्या म्हणण्यात खोटं काहीच नव्हतं गं, शांती."

"आणि आपल्या?"

"आपल्यातही नव्हतं." मग बाहेर बघत म्हणाली, "मला वाटलं, त्यांचं पूर्ण ऐकलं की ते माझं ऐकतील." तिचे डोळे भरून आले होते. मला तिच्या पाठीत एक घालावीशी वाटली आणि तिला जवळही घ्यावंसं वाटलं. रिक्षात तिसरी सवारी होती, म्हणून दोन्ही राहिलं.

पण ही बाई हरते थोडीच? रविवारी तिनं रेवाला घरी बोलावलं आणि समजावलं, "परिपाठाला तुला दोन मिनिटं मिळतील. माइक तुझ्या हातात असेल, मध्ये कुणी तोडणार नाही. ज्यांना लागलं त्यांची एका वाक्यात माफी माग, त्यात कमीपणा नाही. आणि मग म्हण, आता माझ्या भाषणाचा पुढचा भाग ऐका. आणि बोल, अगदी त्या दिवशीसारखं." मला फोन करून हे सांगताना तिच्या आवाजात पुन्हा जोर आला होता. मलाही वाटलं, अलिबाग नाही तर नाही, निदान शाळेला तरी पूर्ण ऐकू येईल. पहिल्यांदाच मी तिच्या पद्धतीवर मनापासून भरवसा ठेवला.

सोमवारी प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली. रेवा माइकपाशी आली. समोर सगळी शाळा, बाजूला आम्ही, व्हरांड्यात दीपेश. आज त्यानं मोबाइल खिशातून काढलाही नव्हता. रेवा म्हणाली, "माझ्या बोलण्यामुळे ज्यांची मनं दुखावली असतील त्यांची मी मनापासून माफी मागते." ती थांबली. मी शशिकलाकडे बघितलं, तिचे ओठ हलत होते, पोरीचं पुढचं वाक्य ती मनात म्हणत होती. रेवानं मुख्याध्यापिकांकडे बघितलं. त्यांनी समाधानानं मान हलवली. शिक्षकांच्या रांगेत आणखी दोघा-तिघांनी हलवली. रेवानं माइक ठेवला आणि आपल्या रांगेत जाऊन उभी राहिली. टाळ्या पडल्या.

जिन्यात शशिकलानं तिला गाठलं. "अगं, पुढचं? पाठ होतं ना तुझं?"

"हो, बाई."

"मग? घाबरलीस का? कुणी काही म्हणालं का?"

"नाही, बाई." रेवा अगदी शांत होती. "त्यांची मान हलली. मग कशाला पुढे बोलायचं? शनिवारी तुम्ही बोललात तेव्हा सगळ्यांना किती आवडलं. पुढचं बोलायला लागलात तेव्हाच चिडले ना सगळे."

"पण तुझं म्हणणं राहिलं ना, बाळा."

"ते काही नाही, बाई," रेवा म्हणाली, आणि मुलांच्या घोळक्याबरोबर वर निघून गेली.

शशिकला कठड्याला धरून उभी राहिली. संताप एवढा होता की कुणावर काढू कळेना. काकांवर काढावा तर तो माणूस आपल्या पोरासाठी झुरलेला. शशीवर काढावा तर ती आधीच पांढरीफटक. तास झाला, मी खडू-डस्टर घेऊन नववी अ वर गेले. फळ्यावर एक उदाहरण लिहिलं आणि विचारलं, पुढची पायरी कोण सांगतं? रेवाच्या वहीत ते उदाहरण आधीच सोडवलेलं होतं, माझ्या जागेवरून मला स्पष्ट दिसत होतं. तिनं हात वर केला नाही.